शेतच कुंपण खातं तेव्हा

कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची, अशी आपल्याकडे म्हण आहे. राखणदारच चोर निघाला की ती आठवते. लाकडी मेढी रोवून ज्याने कुंपण घातलं आहे, त्याचा अनुभव मात्र नेमका उलटा असतो. त्याच्याकडे शेतच कुंपण खातं. पाऊस संपतो, भात कापून होतं, दिवाळी उरकते आणि बांधावरची डागडुजी निघते. अशा वेळी हलणारा एखादा खांब उपटून पाहावा. वरचं लाकूड ठणठणीत असतं. खोल गाडलेलं बूडही पुष्कळदा शाबूत असतं. मधेच, जमिनीला लागून असलेल्या वीतभर पट्ट्यात, लाकडाचा भुगा झालेला असतो. दोन्हीकडे जाड आणि मधे बारीक, असा तो खांब डमरूसारखा दिसतो.

या वीतभर पट्ट्याने तटबंद्या पाडल्या, सरकारी हिशेब चुकवले, रसायनांचे कारखाने उभे केले आणि जंगलं तोडायला लावली. त्याच्याशी झगडताना माणसाने कोणत्या वाटा काढल्या आणि त्यांतली कोणती आज आपल्या कामाची आहे, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी लाकूड तिथेच का कुजतं ते पाहू. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओलावा, हवा आणि ऊब अशा तीन गोष्टी लागतात. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही. म्हणून छपराखालचा वासा शंभर वर्षं टिकतो. उलट, लाकूड पूर्ण पाण्यात किंवा चिखलात बुडालं तर ओलावा भरपूर असतो, पण हवा मिळत नाही. तिथेही ते टिकतं. जमिनीच्या रेषेवर मात्र खालून ओल आणि वरून हवा दोन्ही मिळतात. बुरशीच्या दृष्टीने तीच सुपीक जागा. वाळवीलाही खांबात शिरायला तीच जागा सोयीची.

त्यात आणखी एक दुर्दैव आहे. गुराने अंग घासलं किंवा वाऱ्याने तार ओढली, की खांबावर सर्वांत जास्त ताण येतो तो याच रेषेवर. गोल खांबाची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. १० सेंटिमीटर जाडीच्या खांबाचा भोवतालचा फक्त १ सेंटिमीटरचा थर कुजला, तर उरलेली जाडी ८ सेंटिमीटर आणि उरलेली ताकद जवळजवळ निम्मी. कूज पुढे सरकून जाडी निम्म्यावर आली, तर ताकद आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून कालपर्यंत उभा दिसणारा खांब एका धक्क्यात मोडतो.

हे सगळं जुन्या लोकांना सूत्रात मांडता येत नसलं, तरी अनुभवाने ठाऊक होतं. आपल्या देशातला लाकडी कोटाचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा पाटलीपुत्राचा आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसने या नगराचं वर्णन केलं होतं. त्याचा मूळ ग्रंथ हरवला, पण नंतरच्या ग्रीक लेखकांनी घेतलेल्या उताऱ्यांतून ते आपल्यापर्यंत पोहोचलं आहे. ८० स्टेडिया लांब, म्हणजे सुमारे १४-१५ किलोमीटर लांबीचं नगर, भोवती खंदक, बाण सोडायला भोकं ठेवलेला लाकडी तट, ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे. हे वर्णन अतिशयोक्त वाटावं असंच आहे. पण पाटण्याजवळ बुलंदीबाग येथे १९२६-२७ च्या उत्खननात साल वृक्षाच्या उभ्या ओंडक्यांच्या समांतर रांगा आणि त्यांच्यामधला लाकडी तळ जमिनीखाली सापडला. दोन हजारांहून अधिक वर्षं ते लाकूड टिकलं होतं, कारण गंगेकाठच्या ओल्या मातीत ते हवेपासून तुटलेलं होतं. जमिनीच्या वर असलेला तट नाहीसा झाला आणि जे बुडालं ते वाचलं. कुजण्याचा नियम यापेक्षा ठसठशीत कुठे दिसणार?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तट लाकडाचा करू नये असं सांगितलं आहे. त्याचं कारण आग. लाकडात अग्नी दडून बसलेला असतो, असं तो म्हणतो. कुजण्याचं कारण त्याने दिलेलं नाही. मात्र पुढच्या काही शतकांत कुंपणाचा लाकडाकडून दगडाकडे झालेला प्रवास आपल्याला डोळ्यांनी पाहता येतो. भारहुत आणि सांची येथील स्तूपांभोवतीच्या वेदिका म्हणजे मुळात लाकडी कुंपणंच, फक्त दगडात घडवलेली. उभा तो स्तंभ, आडवी ती सूची आणि माथ्यावरचा सलग दगड तो उष्णीष. सूचीची टोकं स्तंभाला पाडलेल्या खाचांत बसवलेली आहेत. दगडाला अशा जोडकामाची गरज नसते. ही सुताराची पद्धत पाथरवटाने जशीच्या तशी उचलली. भारहुतच्या वेदिकेवर कोणी कोणता खांब आणि कोणती सूची दान केली, ते कोरलेलं आहे. कुंपणाचा एकेक खांब दान करण्याजोगा मानला गेला, तो दगडाचा झाल्यावर. लाकडी खांबावर नाव कोरून चार पावसाळ्यांत ते गेलं असतं.

महाराष्ट्रात भाजे, बेडसे, कार्ले इथल्या लेण्यांत हीच वेदिका भिंतीवर नक्षी म्हणून उतरली. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब पाहताना त्यांच्या पायाकडे लक्ष द्यावं. खांब घटात, म्हणजे मोठ्या घड्यात, उभे केल्यासारखे कोरले आहेत. लाकडी खांबाचं बूड वाळवीपासून वाचावं म्हणून ते भांड्यात ठेवण्याची रीत असावी आणि तीच पुढे दगडात शोभा म्हणून उरली असावी, असा तर्क कलेच्या अभ्यासकांनी मांडला आहे. हा तर्क खरा असेल, तर डोंगर पोखरून केलेल्या त्या वास्तूत आपण वाळवीविरुद्धचा एक जुना इलाज पाहत असतो.

या इलाजाचंच साधं रूप आपल्या वाड्यांत आहे. वाड्याचा सागवानी खांब कधी जमिनीत गाडलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. लाकूड आणि माती यांच्यामध्ये वीतभर दगड आला, की ओल वर चढत नाही आणि वाळवीची वाट उघडी पडते. मग कुंपणाला हा उपाय का लागू झाला नाही? कारण वाड्याच्या खांबावर तुळयांचं आणि माळवदाचं ओझं असतं. ते ओझंच त्याला जागेवर धरून ठेवतं. कुंपणाच्या खांबावर वरून काहीच भार नसतो, फक्त आडवे धक्के बसतात. त्याला उभं राहायचं तर मातीनेच धरून ठेवायला हवं. जी माती त्याला धरते, तीच त्याला खाते. ही अडचण टाळता येत नाही, म्हणून मराठी कागदपत्रांत भेटणारा मेढेकोट, म्हणजे मेढी रोवून उभारलेला कोट, मोहिमेच्या गरजेपुरताच असे. कायमचं ठाणं करायचं तर दगड-चुनाच लागे.

ज्यांनी हा हिशेब आधी केला नाही, त्यांना तो नंतर करावा लागला. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ आणू नये, म्हणून ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानच्या पोटातून जकातीची एक रेषा आखली होती. सिंधू नदीपासून महानदीपर्यंत दोन हजार मैलांहून लांब असलेल्या या रेषेवर हजारो माणसं पहाऱ्याला होती. तिच्या मोठ्या भागावर काट्यांचं कुंपण होतं आणि ते खानदेशच्या वेशीवरच्या बुऱ्हाणपुरापर्यंत आलेलं होतं. सुरुवातीला हे कुंपण तोडलेल्या सुक्या काट्यांचं होतं. १८६७ पासून या खात्याचा प्रमुख असलेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने त्याचा खर्च मांडला. मैलभर सुक्या कुंपणाला २५० टन काटेरी झुडपं लागत आणि ती पाव मैलापासून सहा मैलांपर्यंतच्या अंतरावरून वाहून आणावी लागत. वाळवी, उंदीर, आग, वादळ आणि कूज यांमुळे दर वर्षी त्यातलं सुमारे निम्मं कुंपण नव्याने भरावं लागे.

ह्यूमने काढलेला तोडगा प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होता. मेलेलं लाकूड कुजतं, तर जिवंत झाड लावा. बाभूळ, बोर, करवंद, नागफणा अशा झाडांची जिवंत कुंपणरांग वाढवण्यावर त्याने भर दिला. जे साम्राज्य आगगाड्या आणि तारायंत्रं उभारत होतं, त्याला कुंपणासाठी करवंदाच्या जाळीला शरण जावं लागलं. अर्थात ती जाळी गरिबाचं मीठ अडवण्यासाठी होती, हे विसरता येत नाही. १ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा मोडीत निघाली. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ह्यूम तो हाच.

त्याच शतकात युरोपात निराळी वाट शोधली जात होती. रेल्वे आल्यावर रुळांखालचे लाकडी स्लीपर आणि तारेचे खांब लाखोंच्या संख्येने मातीत जाऊ लागले आणि त्याच वेगाने कुजू लागले. लाकडाच्या पृष्ठभागावर डांबर फासून किंवा बूड आगीत जाळून काळं करून फारसं भागत नव्हतं. बूड जाळण्याची रीत फार जुनी आहे. पायात ठोकायचे ओंडके जाळून घ्यावेत असं रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवलं आहे आणि आपल्याकडेही खेडोपाडी ती चालते. कोळसा स्वतः कुजत नाही, हे खरं. पण त्या थराला भेगा पडतात आणि आतलं लाकूड होतं तसंच राहतं. म्हणून संरक्षक द्रव्य लाकडाच्या आत खोलवर पोचवायला हवं होतं. १८३८ साली जॉन बेथेल या इंग्रजाने त्याचं पेटंट घेतलं. लाकूड बंद टाकीत ठेवायचं, त्यातली हवा खेचून घ्यायची आणि मग दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं क्रिओसोट तेल दाब देऊन आत घुसवायचं. हिंदुस्थानातल्या रेल्वेसाठी असे तेल पाजलेले पाइनचे स्लीपर सातासमुद्रापलीकडून येत. इथल्या साग, साल आणि देवदाराच्या जंगलांवरही स्लीपरसाठी कुऱ्हाड चालली. १८६४ साली वनखातं निर्माण झालं, त्यामागे जी कारणं होती त्यांत रेल्वेला लागणाऱ्या लाकडाची काळजी मोठी होती.

१९०६ साली डेहराडूनला वनसंशोधन संस्था उभी राहिली. तिथली एक चाचणी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. निरनिराळ्या जातींच्या लाकडाचे तुकडे ओळीने जमिनीत अर्धे गाडून ठेवायचे, ठरावीक काळाने उपटून तपासायचे आणि कोण किती महिने टिकलं याची नोंद करायची. ओळीने रोवलेले ते तुकडे थडग्यांसारखे दिसतात, म्हणून त्या जागेला दफनभूमीच म्हणतात. भारतीय लाकडांची टिकाऊपणाची प्रतवारी अशाच चाचण्यांतून ठरली. १२० महिने किंवा अधिक टिकणारं ते पहिल्या प्रतीचं, ६० ते १२० महिन्यांतलं दुसऱ्या आणि ६० महिन्यांच्या आत संपणारं तिसऱ्या. सागाचा गाभा पहिल्या प्रतीत बसतो, आंब्याचं लाकूड तिसऱ्या. गाभा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सागाच्याच खोडाचा बाहेरचा फिकट, कच्चा भाग मातीत लवकर जातो. कोवळ्या सागाचे खांब सागाच्या भावाने घेणारा शेतकरी इथेच फसतो.

याच संस्थेत सोंटी कामेशम नावाचे संशोधक काम करत होते. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं एक मिश्रण त्यांनी १९३३ साली सिद्ध केलं. तांबं बुरशीला मारतं. तांब्याला न जुमानणाऱ्या बुरशीला आणि वाळवीला आर्सेनिक आवरतं. क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंत पक्कं बांधून ठेवतं, म्हणजे पावसात ते सहज धुऊन जात नाही. आर्सेनिक आणि तांबं यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याला ‘आस्कू’ हे नाव मिळालं. १९३८ साली त्याचं अमेरिकी पेटंट निघालं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या परसांची कुंपणं, न्यूझीलंडमधल्या कुरणांचे आणि द्राक्षमळ्यांचे खांब, असे जगभरचे कोट्यवधी खांब याच मिश्रणाने हिरवट झाले. एका भारतीयाच्या शोधाने जगाची कुंपणं उभी ठेवली, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

पुस्तकात ती आली, तर पुढचा भागही यायला हवा. आर्सेनिक ते आर्सेनिकच. खांबातून त्याचा थोडा अंश मातीत उतरतो, लाकडावरून हात फिरवणाऱ्या मुलांच्या हाताला लागतो आणि असं लाकूड जाळलं तर राखेत विष उरतं. २००३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापराच्या लाकडासाठी हे मिश्रण वापरणं थांबवलं. शेती, महामार्ग आणि विजेचे खांब अशा ठिकाणी ते पुढेही चालू राहिलं. शोध खोटा ठरला असं नाही. खांब मोडण्याच्या चिंतेत असलेल्या जगाने जुन्या खांबाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न सत्तर वर्षं पुढे ढकलला होता.

आता दुरुस्तीकडे येऊ. रुद्रदामनाने फुटलेलं धरण बांधून काढलं, त्याचा शिलालेख गिरनारच्या पायथ्याशी आहे. खांब सांधणाऱ्या सुताराच्या वाट्याला असा लेख आला नाही. पण जपानमध्ये या कामाला मान आहे आणि नावही आहे. तिथे दोन टोकं एकाच वेळी पाहायला मिळतात. इसे येथील देवस्थानाचे खांब जुन्या रीतीप्रमाणे थेट जमिनीत रोवलेले असतात. ते कुजणार हे धरूनच दर २० वर्षांनी संपूर्ण मंदिर नवं बांधतात. २०१३ साली अशी बासष्टावी उभारणी झाली. उतरवलेलं लाकूड फेकून देत नाहीत. मुख्य खांबांपासून पुलाजवळच्या कमानी घडवतात, बाकीचं लाकूड दुसऱ्या देवळांकडे जातं. दुसरं टोक म्हणजे ‘नेत्सुगी’. कुजलेला पाया तेवढा कापायचा, तिथे नव्या लाकडाचा तुकडा सांध्याने जोडायचा आणि वरचा जुना खांब जागेवरच ठेवायचा. ओसाका किल्ल्याच्या मुख्य दरवाज्याच्या एका खांबाला असा सांधा आहे. दोन बाजूंनी तो एका आकाराचा दिसतो, उरलेल्या दोन बाजूंनी दुसऱ्याच. दोन्ही तुकडे एकमेकांत सरकवले तरी कसे, याचं कोडं अभ्यासकांना अनेक वर्षं पडलं होतं. शेवटी क्ष-किरणांनी आतली रचना पाहावी लागली.

बांधावरच्या खांबाला एवढं कौशल्य लागत नाही. तत्त्व तेच आहे. खांबाचा फक्त वीतभर पट्टा मेलेला असतो, बाकीचा जिवंत आहे असं समजून वागायचं. जमिनीलगतची माती वीतभर खोल उकरावी आणि टोच्याने लाकूड टोचून पाहावं. टोचा सहज आत गेला की कूज. भरीव लागेपर्यंत वरवर टोचत जावं आणि तिथून आणखी चार बोटं वर खांब कापावा. मग दगडाचा, सिमेंटचा किंवा खैर-सागाच्या गाभ्याचा आखूड खुंट शेजारी खोल रोवावा. जुना खांब त्याला दोन बोल्टांनी असा जोडावा, की त्याचं कापलेलं टोक मातीपासून वीतभर उंच राहील. दोन बोल्टांमध्ये हातभर अंतर असावं. जवळजवळ मारले तर खांब त्यांच्याभोवती डुलतो. इथे वाड्याचा तळखडा आणि शेताची मेढ एकत्र येतात. मातीत जातो तो न कुजणारा खुंट, आणि लाकूड राहतं हवेत.

अलीकडे खांबाभोवती सिमेंट ओतण्याची पद्धत पडली आहे. लाकूड वाळून आकसतं, सिमेंट आणि लाकूड यांच्यात फट पडते आणि त्या फटीत पावसाचं पाणी पेल्यासारखं साचतं. खांब वाचवायला केलेला खर्च त्याला लवकर मारतो. सिमेंट ओतायचंच असेल तर तळाला खडी टाकून निचरा ठेवावा आणि वरचा भाग बाहेरच्या बाजूला उतरता करावा. खांबाचा माथाही तिरका कापावा, म्हणजे पाणी निथळून जातं.

सगळे खांब सिमेंटचेच घातले की प्रश्न मिटला, असं वाटणाऱ्यांनी दहा-पंधरा वर्षांचं जुनं सिमेंटचं कुंपण पाहून यावं. आतली सळई गंजली की ती फुगते, सिमेंट तडकतं आणि धक्का बसला की खांब मोडतो. तो बहुधा जमिनीच्या त्याच रेषेवर मोडतो, कारण ताण तिथेच असतो. फरक एवढाच, की मोडका सिमेंटचा खांब सांधता येत नाही आणि चुलीतही घालता येत नाही.

कोकणात पांगारा, शेवगा, गिरिपुष्प यांच्या फांद्या खांब म्हणून रोवतात. त्यांना मुळं फुटतात आणि कुंपणाचा खांब झाड होतो. गिरिपुष्पाचा पाला भाताच्या खाचरात खत म्हणून जातो. ह्यूमने जो धडा दोन हजार मैलांवर घेतला, तो इथे प्रत्येक वाडीत आहे. मात्र अशा झाडाची दर वर्षी छाटणी करावी लागते, आणि गावात माणसं उरली नाहीत की जिवंत कुंपणही माजतं. म्हणजे कुजणारं असो की वाढणारं, कुंपणाला वर्षातून एकदा हात लागावाच लागतो.

यंदा बांधावर जाल तेव्हा हलणारा प्रत्येक खांब उपटून टाकण्याआधी त्याच्या बुडाशी टोचा मारून पाहा. दहा खांबांतले काही खरोखर गेलेले असतील. उरलेल्यांना एक खुंट, दोन बोल्ट आणि अर्ध्या दिवसाचं काम एवढंच लागेल. पूर्ण खांब मिळायला साग पंचवीस-तीस वर्षं वाढावा लागतो. कुजलेला असतो तो वीतभर.